आप्पासाहेबांची गूळतुला

आप्पासाहेबांनी शिऱ्याचा घास माझ्या तोंडावर थुंकला आणि म्हणाले, "भाड्या."

मी पदराने गाल पुसला आणि दुसरा चमचा भरला. त्यांनी दात असे आवळले की चमचा नुसता दातांवर वाजला.

"आप्पा, खावा की. सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुमच्या."

"भाड्या."

"बरं, भाड्या तर भाड्या. पर खावा."

डावा हात चांगला होता त्यांचा. त्या हाताने त्यांनी वाटी अशी उडवली की शिरा भिंतीवर बसला आणि त्याचं तूप रंगावरून खाली ओघळायला लागलं. दारात त्यांची सून उभी होती, त्रिशलावहिनी. नुकतीच रंगवलेली भिंत होती ती. दोन दिवसांवर घरात कार्य आलं होतं.

"मावशी, तुम्हाला एवढं जमत नाही?" त्या मला म्हणाल्या.

मी भिंत पुसायला घेतली. आतून नुसती उकळत होते.

आप्पासाहेब मगदूम म्हणजे कोल्हापुरातले गुळाचे जुने अडते. शाहूपुरीत त्यांची पेढी होती. गुळाच्या सौद्याला ते उभे राहिले की बाकीचे आवाज बंद व्हायचे, असं लोक सांगायचे. मी त्या घरी गेले तेव्हा त्यांना झटका येऊन गेला होता. उजवं अंग गेलं, आणि त्याच्याबरोबर वाचा गेली. सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला. कोणता, ते तुम्ही ऐकलंच. देवाधर्माचं, कांदालसूण वर्ज्य असलेलं घर ते. त्या घरात या माणसाने कधी अरे म्हणून आवाज चढवला नव्हता म्हणे. शिवी बहुतेक पेढीवरच राहत असणार. आता ती घरी आली होती आणि जाता जात नव्हती.

डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं होतं. "या आजारात असं होतं. शब्द जातात आणि एखादा अडकून राहतो, तो पुष्कळदा शिवीच असतो. त्यांना तसं म्हणायचं नसतं. मनावर घेऊ नका."

त्यांना तसं म्हणायचं नसतं. हे वाक्य त्या घराने जपमाळेसारखं धरलं होतं. दूधवाला आला, आप्पांनी त्याला भाड्या म्हटलं, की सुकुमारदादा धावत जायचे, "त्यांना तसं म्हणायचं नसतं हं." सुकुमारदादा म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, आता पेढी तेच बघत होते. माणूस वाईट नव्हता, बापाचे पाय चेपून पेढीवर जायचा. पण चेपताना आप्पांकडे बघायचा नाही, फोनकडे बघायचा.

मी नर्सिंग ब्युरोकडून गेलेली चोवीस तासांची बाई. माझं नाव द्वारका. वहिनींपेक्षा मी चांगली लहान, तरी मी मावशी आणि त्या वहिनी. माझं नाव त्या घरात शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. आणि ज्यांच्या पेढीला उभा बाजार ओळखायचा ते आप्पासाहेब मगदूम त्या घरात 'आमचं बाळ' झाले होते. "बाळाने शी केली का? बाळ आज शहाण्यासारखं बसलंय का?" असं वहिनी माझ्याकडे बघून विचारायच्या, आणि बाळ पलंगावरून डोळे वटारून बघत असायचं. मी एकदा म्हटलं, "वैनी, आप्पास्नीच इच्यारा की, मान हलवत्यात की ते." त्या हसल्या. मायेने हसल्या, म्हणून जास्त राग आला.

मला त्यांचं बोलणं कळायला लागलं होतं, त्यात काही मोठी विद्या नव्हती. चोवीस तास माणसाजवळ बसलं की कळतं. तहान लागली की शब्द लांबट यायचा, लघवीला लागली की तुटक आणि घाईचा. खिडकी उघडायची असली की आधी खिडकीकडे बघायचे आणि मग म्हणायचे. मी उलट विचारायचे, "खिडकी व्हय?" ते मान हलवायचे. झालं बोलणं. पण खाण्याचं मात्र मला कोडंच होतं. आधी बरे जेवायचे. मग गोड खाणं टाकलं, मग दूध टाकलं. मग माझ्या हातचा भातसुद्धा आधी जिभेच्या टोकावर घेऊन चाचपायचे आणि थुंकायचे. अंगावरचं मांस जायला लागलं. मी लाडीगोडी केली, दम दिला, एकदा तर ताट आपटलं.

डॉक्टर आले आणि बघून म्हणाले, "अन्नावरची वासनाच गेलीय. असंच चाललं तर कार्यक्रम झाल्यावर नाकातून नळी घालू. मग पातळ करून सोडायचं. नळी ओढू नये म्हणून हाताला पट्टी बांधावी लागेल."

तो चांगला हात. एवढा एकच उरला होता त्यांना, आणि तोच बांधायचा. मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते डॉक्टरांना म्हणाले, "भाड्या." डॉक्टरांनी त्यांच्या गालावर थोपटलं.

त्या दिवशी दुपारी वहिनी वाटी घेऊन आल्या. "सरका, मी भरवते." आप्पांनी तोंड मिटलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आपण नुसती बोलतो. वहिनींनी खरंच त्यांचं नाक दाबलं. दोन बोटांत धरलं आणि दुसऱ्या हातात चमचा तयार ठेवला. आप्पांचा चेहरा लाल झाला, डावा हात हवेत फिरायला लागला, तोंड उघडलं आणि घास आत गेला. ठसका लागला तो थांबेना.

मी वहिनींचा हात धरून बाजूला केला. "माणूस हाय वो त्यो, जनावर न्हवं. जनावराला बी असं करत न्हाईत आमच्यात."

"मग काय करू?" त्यांचे डोळे भरले. "उपाशी ठेवू? लोक म्हणतील सुनेने उपाशी मारला सासरा. तुम्हाला काय, तुम्ही उद्या दुसऱ्या घरी जाल."

ते खोटं नव्हतं. मी आप्पांची पाठ चोळत राहिले. त्यांचा श्वास कितीतरी वेळाने जागेवर आला.

एक गोष्ट मला त्या बाईची आवडायची, ती सांगायला हवी. घरी कुणी भेटायला येणार असलं की त्या स्वतः आप्पांना काहीतरी गोड करून भरवायच्या. "मावशी, आज तुम्ही बसा, बाळाला मी देते." मला वाटायचं, सून असावी तर अशी. पाहुणे येईपर्यंत आप्पा झोपी गेलेले असायचे. पाहुणे दारातून बघायचे, "किती शांत झोपलेत," म्हणायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. एवढं होऊनही मला काही कळलं नाही. दिसतं ते आणि समजतं ते यात केवढं अंतर असतं.

कार्य होतं ते आप्पांच्या पंच्याहत्तरीचं. सुकुमारदादांनी गूळतुला करायची ठरवली होती. आप्पांना तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा रचायच्या आणि त्यांच्या वजनाचा गूळ मुलांच्या वसतिगृहाला द्यायचा. "आयुष्यभर आप्पांनी लोकांचा गूळ तोलला. आता गुळाने आप्पांना तोलू," असं दादा ज्याला त्याला सांगत होते. सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. बंगल्यापुढे मांडव पडला. पेढीवरचा जुना मोठा काटा आणला, लाकडी दांडीचा, साखळ्यांचा, त्याला झेंडूच्या माळा बांधल्या. पत्रिका छापल्या, त्यावर आप्पांचा झटक्याच्या आधीचा, कोट घातलेला फोटो टाकला. बाजारातले सगळे अडते, समाजाचे लोक, पाहुणे-रावळे येणार होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. कागदाच्या पुडीत एक पांढरी गोळी ठेवली होती.

"उद्या सकाळी मला क्षणाची फुरसत मिळणार नाही. ही तेवढी तुम्हीच द्या. कुस्करून खिरीत मिसळायची, नाहीतर घेत नाहीत."

"कसली हाय?"

"झोपेची. डॉक्टरांनी रात्रीसाठी लिहून दिलीय. पण पाहुणे यायचे असले की मी दिवसा देते. शांत राहतात."

मी गोळीकडे बघत उभी राहिले. शिरा, खीर, दूध, एकेक वाटी डोळ्यांपुढून जायला लागली.

"वैनी, म्हंजे तुम्ही भरवायचासा त्येच्यात ही असायची?"

"मग? त्या वसतिगृहाच्या ट्रस्टच्या अध्यक्षांना पहिल्या भेटीत काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं नाहीत. बायकामाणसांसमोर. माझ्या माहेरच्यांसमोर. मला तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती."

"आप्पास्नी सांगून देत हुतासा?"

"त्यांना काय सांगायचं?"

"आणि उद्याचं? उद्या वजन करणार हायसा, त्ये तरी सांगितलासा का त्यांना?"

"मावशी," त्यांनी आवाज खाली घेतला, "त्यांना काय कळतंय? उगाच डोकं फिरवू नका. दादांची फार इच्छा आहे. चार लोकांत बाळ शांत बसायला हवं, एवढंच. ब्युरोने तुम्हाला काय सांगून पाठवलंय? घरच्यांचं ऐकायचं."

मी पुडी उचलली. अजून काही बोलले असते तर त्या ओट्यावरचं एकही भांडं जागेवर राहिलं नसतं. ताट मी आपटलं होतं. दम मी दिला होता. त्या माणसाला अन्नाची वासना नव्हती काय? माणूस भुकेला होता, आणि घरातल्या प्रत्येक वाटीला भीत होता. कोणत्या घासात झोप घातलीय हे कळत नाही म्हटल्यावर त्याने सगळेच घास बंद केले होते. आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती, सांगायला त्याच्याजवळ एक शिवी होती, आणि शिवी दिली की लोक म्हणत होते, त्यांना तसं म्हणायचं नसतं.

मी खोलीत गेले आणि दार लावलं. दिवा लावला. त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि पुडी उघडून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

"आप्पा, ही गोळी झोपेची हाय. उद्या सकाळी तुमास्नी द्या म्हणून वैनींनी मला सांगितलंय. घ्यायची हाय का?"

त्यांनी गोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मान हलवली, एकदा इकडे, एकदा तिकडे. नाही.

"तुमास्नी म्हाईत हुतं?"

मान खाली, वर. हो.

"म्हणून खात न्हवतासा."

हो.

मी पुडी मिटून खिडकीच्या फळीवर ठेवली. ते माझ्याकडे बघत होते, पुढचं विचारायची वाट बघत असावेत तसे. बाहेर मांडवात कुणीतरी खिळे ठोकत होतं.

"त्यो आवाज कशाचा, म्हाईत हाय?"

नाही.

मी सांगितलं. पंच्याहत्तरी, मांडव, पेढीवरचा काटा, पारडं, ढेपा, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचं तोंड कसं होत गेलं ते मी बघितलं. "भाड्या," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. मग पलंगाच्या लोखंडी कठड्यावर मूठ आपटत आपटत म्हणत राहिले. मी त्यांना थांबवलं नाही. कशाला थांबवायचं? ते दमले तेव्हा मी विचारलं, "आप्पा, खरं सांगा. ही शिवी तुम्ही म्हणतासा, ती म्हणायचीच असती तुमास्नी?"

ते माझ्याकडे बघायला लागले. आणि मग हसले. झटक्याने वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं करून, खांदे हलवून हसले. मान खाली, वर. हो. हो. हो.

मग मी त्यांना रिकामं भांडं दाखवून खीर केली. म्हणजे शेगडी खोलीतच आणली, दूध त्यांच्यासमोर ओतलं, शेवया त्यांच्यासमोर टाकल्या, आणि पहिला चमचा मी खाल्ला. त्यांनी माझा गळा बघितला, घास खाली गेला का ते. मग तोंड उघडलं. वाटी संपली, दुसरी घेतली. असं खाताना मी आजवर माणूस बघितलेला नाही.

सकाळी मी त्यांना अंघोळ घातली, धोतर नेसवलं, कोट चढवला. फेटा बांधताना त्यांनी खिडकीच्या फळीकडे बोट केलं. तिथे पुडी होती.

"ही पायजे? घ्यायची हाय?"

नाही. त्यांनी कोटाच्या डाव्या खिशावर हात मारला. मला काही उमगलं नाही, पण गोळी त्यांच्यासाठीच आणलेली होती. मी ती खिशात ठेवली.

वहिनी भरजरी नेसून घाईघाईने आल्या. "दिली का?"

"इच्यारलं त्यांना. नको म्हणाले."

"म्हणाले?" त्या पांढऱ्या पडल्या. "ते काय म्हणणार? मावशी, तुम्ही मला..." पण तोवर दादा चार हमाल घेऊन आत आले होते, बाहेर लोक बसले होते, सनई लागली होती. आप्पांची चाकाची खुर्ची मांडवात निघाली. वहिनी माझ्या बाजूने चालत होत्या आणि दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "संध्याकाळी तुमची बॅग भरा."

"भरते की," मी म्हटलं.

मांडव भरला होता. पहिल्या रांगेत ट्रस्टवाले, डॉक्टर, बाजारातले म्हातारे अडते. आप्पा ताठ बसले होते. एकेकाकडे बघत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांनी ही माणसं जागेपणी बघितली असतील. बायकांनी ओवाळलं, ते गप्प बसून राहिले. एका म्हाताऱ्या अडत्याने येऊन त्यांचा हात धरला तेव्हा त्यांनीही घट्ट धरला. वहिनींच्या जिवात जीव आला असेल.

मग दादांनी माईक घेतला. आप्पांना आम्ही फुलासारखं जपलंय, ही तुला म्हणजे त्यांच्या कष्टाचं मोल आहे, असं बरंच बोलले. मनापासून बोलले. खुर्ची काट्याजवळ नेली. एक पारडं जमिनीवर टेकलेलं, त्यात गादी घातलेली. दुसऱ्या बाजूला ढेपांची रास, आणि काट्यापाशी शिदू मापाडी उभा. आप्पांच्या पेढीवर माप करता करता म्हातारा झालेला माणूस. डोक्याला मुंडासं, हात साखळीवर. हमालांनी आप्पांच्या काखेत हात घातले.

शिदू मापाडी वाकला आणि म्हणाला, "आप्पा, चढवू?"

दादा माईकमध्ये हसले. "शिदूमामांची सवय बघा. उभ्या जन्मात मालकाला विचारल्याशिवाय त्यांनी काट्यावर माल चढवला नाही." लोकही हसले.

आप्पांनी मान हलवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि म्हणाले, "भाड्या."

माईक जवळ होता. शब्द मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. हसणं बंद झालं. एका बाईने पोराला जवळ ओढलं.

"त्यांना तसं म्हणायचं नसतं," दादा भराभर म्हणाले. "आजारामुळे आहे. डॉक्टर इथेच आहेत. मामा, चढवा."

शिदूने साखळीवरचा हात काढला. "मालक नको म्हणत्यात."

"त्यांना कळत नाही, मामा."

"मग मी इच्यारलं कुणाला?" शिदू म्हणाला. त्याला खरोखर प्रश्न पडला होता. "मालकानं न्हाई म्हटल्यावर माल चढत न्हाई. बाजाराची रीत हाय. तुम्ही बी तिथंच शिकलासा."

हमालांनी हात सोडले. सनईवाल्यांनाही काय करावं कळेना, ते मध्येच थांबले.

दादा खुर्चीपुढे गुडघ्यावर बसले. माईक बाजूला ठेवला होता, पण मी मागेच उभी होते, मला ऐकू येत होतं. "आप्पा, लोक बघतायत. मी एवढं सगळं तुमच्यासाठी केलं. का असं करता? काय कमी केलं मी तुम्हाला?"

आप्पांनी डावा हात खिशात घातला. बोटांत ती पांढरी गोळी धरून त्यांनी बाहेर काढली आणि मुलाच्या तोंडाजवळ नेली. घास भरवतात तशी, ओठांपाशी धरली.

दादांनी गोळी ओळखली. त्यांनी वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बापाकडे. आप्पांनी गोळी आणखी पुढे केली, ओठांना लावली. घे.

सुकुमारदादांनी तोंड घट्ट मिटलं.

असे दोघं बसून राहिले, बापाचा हात आणि मुलाचं मिटलेलं तोंड. लोकांना गोळी कसली ते माहीत नव्हतं, पण काहीतरी कळलं असावं, कारण खुर्चीचा आवाजसुद्धा येत नव्हता. वहिनींनी पदर तोंडावर घेतला होता. मग आप्पांनी हात खाली घेतला, गोळी मुलाच्या तळहातावर ठेवली आणि अगदी हळू, फक्त त्याच्यापुरतं म्हणाले, "भाड्या."

या वेळी कुणी कुणाला समजावलं नाही.

लोक जेवले आणि लवकर पांगले. गूळ न तोलताच वसतिगृहाला गेला. मी बॅग भरत होते तेव्हा दादा वाटी घेऊन खोलीत आले. फेटा काढला होता, कपाळावर त्याचा वळ राहिला होता. ते आप्पांसमोर बसले.

"आप्पा, खीर आहे. नुसती खीर. देऊ का?"

आप्पांनी तोंड मिटलं.

"शपथ. काही घातलेलं नाही."

तोंड मिटलेलं. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी साड्यांच्या घड्या घालत राहिले. माझी जीभ सैल झाली असती तर आवरली नसती. शेवटी दादांनी चमचा स्वतःच्या तोंडात घातला, गिळला आणि लहान मुलासारखं तोंड उघडून बापाला दाखवलं. आप्पांनी त्यांचा गळा बघितला, जीभ बघितली. मग आपलं तोंड उघडलं.

नाकातली नळी आली नाही. मला काढा म्हणून वहिनींनी ब्युरोला फोन केला होता, तेही दादांनी मागे घेतलं, आणि मी आप्पांच्या शेवटापर्यंत त्या घरी राहिले. भेटायला येणाऱ्यांना ते जागे भेटायचे. काही जणांना शिवी बसायची, काहींचा ते हात धरायचे. ज्यांना हात मिळायचा ते परत यायचे.

पण त्या घरातल्या कुणाच्याही हातचा पहिला घास आप्पांनी पुन्हा घेतला नाही. भरवणाऱ्याने आधी खायचं, गिळायचं, तोंड उघडून दाखवायचं, मगच. वहिनी निमूट दाखवायच्या. सणाला, पाडव्याला, वाढदिवसाला, पाहुण्यांसमोर, सगळ्यांपुढे. एकदा दादा मला अंगणात गाठून म्हणाले, "मावशी, आता किती दिवस हे? तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगा की त्यांना, झालं गेलं विसरा म्हणून."

"माझं कशाला? त्यांनाच इच्यारा," मी म्हटलं.

ते आत गेले. मी दारात उभी राहून ऐकलं. बापाचे पाय धरून त्यांनी विचारलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, मुलाच्या केसांवरून डावा हात फिरवला आणि त्याच हाताने उशाजवळच्या वाटीतल्या चमच्याकडे बोट केलं. दुसऱ्या कुणाला दादांची दया आली असती. मला आली नाही, आजही येत नाही. दादांनी चमचा उचलला आणि आधी आपल्या तोंडात घातला.